क्नूट हॅमसून : एका कादंबरीकाराचे अवघड चरित्र

मागील घटकांमध्ये चरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप तुम्ही अभ्यासले. तेथे आलेली बहुतेक उदाहरणे अशा व्यक्तींची होती, की ज्यांच्याविषयी आदर बाळगणे चरित्रकाराला आणि वाचकालाही सोपे जाते. या घटकासाठी मी मुद्दाम वेगळी व्यक्ती निवडली आहे. नॉर्वेजियन कादंबरीकार क्नूट हॅमसून (१८५९–१९५२) हे आधुनिक युरोपीय कादंबरीच्या जनकांपैकी एक मानले जातात. १९२० साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच हॅमसून यांनी पुढे हिटलरच्या राजवटीची जाहीरपणे पाठराखण केली, आपल्या देशावर जर्मन सैन्य चालून आले तेव्हा देशबांधवांना शस्त्रे खाली ठेवण्यास सांगितले आणि हिटलरच्या मृत्यूनंतर त्याच्यावर गौरवपर मृत्युलेख लिहिला.

प्रारंभीच एक भाषिक अडचण सांगतो. मराठीत एखाद्या व्यक्तीविषयी लिहायला बसले, की पहिल्याच क्रियापदापाशी निर्णय घ्यावा लागतो : तो म्हणाला, की ते म्हणाले? इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. या घटकात मी हॅमसून यांच्यासाठी आदरार्थी बहुवचन ठेवले आहे आणि हिटलरसाठी एकवचन. दुसऱ्या निर्णयाला विचार करावा लागला नाही. भाषेनेच तो घेतला. पहिल्याला मात्र करावा लागला. वाचताना काही ठिकाणी हे बहुवचन तुम्हांला खटकेल. खटकले तर त्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवा.

बालपण आणि वणवण

४ ऑगस्ट १८५९ रोजी नॉर्वेच्या गुडब्रान्सडाल खोऱ्यातील लोम येथे क्नूट पेडरसन या मुलाचा जन्म झाला. वडील शिंप्याचे काम करीत. सात भावंडांतील हे चौथे अपत्य. क्नूट तीन वर्षांचा असताना कुटुंब उत्तरेकडे, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे असलेल्या हामारॉय येथे गेले. तेथे मामाच्या मालकीची हॅमसुंड नावाची लहानशी शेतवाडी होती. उन्हाळ्यात न मावळणारा सूर्य, हिवाळ्यातील प्रदीर्घ अंधार, समुद्र, कडे आणि जंगल हा परिसर पुढे त्यांच्या कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा येतो.

मुलगा नऊ वर्षांचा झाल्यावर त्याला मामाच्या घरी कामाला ठेवण्यात आले. घरची मंडळी मामाच्या ऋणात होती. मामा आजारी, धर्मकठोर आणि शीघ्रकोपी होता. मार, उपासमार आणि एकटेपणा यांत पाच वर्षे गेली. आपल्या मज्जातंतूंचे कायमचे दुखणे त्या घरात सुरू झाले, असे हॅमसून पुढे सांगत. शाळेचे शिक्षण जेमतेम झाले. एकूण हिशेब केला तर तो काही महिन्यांचाच भरेल. तुमच्यापैकी अनेकांनी संसार आणि नोकरी सांभाळून, खंडित झालेले शिक्षण पुन्हा हाती घेतले आहे. जगातील एका मोठ्या लेखकाच्या हाती कोणत्याही इयत्तेचे धड प्रमाणपत्र नव्हते, हे तुमच्या ध्यानी यावे म्हणून येथे नोंदवतो.

चौदाव्या वर्षानंतर वणवण सुरू झाली. दुकानातील नोकर, फेरीवाला, चांभाराकडील उमेदवार, शाळामास्तर, रस्त्याच्या कामावरील मजूर असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. अठराव्या वर्षी एक लहान पुस्तकही छापून घेतले. ते कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाही. १८८२ मध्ये आणि पुन्हा १८८६ मध्ये ते अमेरिकेला गेले. तेथील विस्तीर्ण गव्हाच्या शेतांवर मजुरी केली, शिकागोत घोड्यांच्या ट्रामवर कंडक्टर म्हणून काम केले. अमेरिकेने त्यांना भुरळ घातली नाही. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी अमेरिकेच्या सांस्कृतिक जीवनावर एक बोचरे पुस्तक लिहिले. यंत्र, पैसा, घाई आणि बहुमताचे राज्य यांविषयीचा त्यांचा तिटकारा त्यात प्रथम स्पष्ट दिसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

हॅमसून या नावाचीही एक कथा आहे. वाडीच्या नावावरून त्यांनी हॅमसुंड हे आडनाव घेतले होते. १८८५ मध्ये मार्क ट्वेनवरील त्यांचा एक लेख छापताना मुद्रकाच्या हातून शेवटचा ‘ड’ गळाला. लेखकाने ती चूक दुरुस्त करून घेण्याऐवजी तीच स्वीकारली. नॉर्वेजियन उच्चारात अशा ठिकाणचा ‘ड’ बहुधा मूकच असतो. म्हणजे मुद्रकाने नकळत लेखनाला उच्चाराजवळ आणले, इतकेच. प्रमाणलेखन आणि उच्चार यांतील अंतरावर आपण पहिल्या वर्षी जी चर्चा केली, तिच्यासाठी याहून गमतीचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

‘भूक’ आणि नंतरची कीर्ती

१८८८ च्या शरद ऋतूत एक कृश, फाटक्या कपड्यांतील तरुण कोपनहेगनमधील ‘पोलितिकेन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत संपादक एडवर्ड ब्रँडेस यांना भेटला. त्याच्या हातात एक हस्तलिखित होते. वृत्तपत्रात छापण्याच्या मानाने ते फार लांब होते. परंतु तरुणाच्या चेहऱ्याने ब्रँडेस इतके अस्वस्थ झाले, की त्यांनी ते घरी नेऊन वाचले आणि त्याला पैसे धाडले. त्याच वर्षी तो मजकूर एका नियतकालिकात लेखकाच्या नावाशिवाय छापून आला आणि १८९० मध्ये ‘सुल्ट’, म्हणजे ‘भूक’, ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

क्रिस्तियानिया (१९२५ पासून ओस्लो) या राजधानीच्या शहरात एक अनाम तरुण लेखक उपाशी भटकतो, एवढाच या कादंबरीचा विषय. तिला रूढ अर्थाने कथानक नाही. नायक पेन्सिलीचा तुकडा राहिलेले जाकीट गहाण टाकतो, लाकडाची ढलपी चघळतो, खाटकाकडून कुत्र्यासाठी म्हणून हाड मागून आणतो आणि स्वतःच कुरतडतो. पण हाती पैसे आले, की भलत्याच अभिमानाने ते देऊन टाकतो. भुकेमुळे मनात उठणाऱ्या लहरी, भ्रम, अकारण खोटे बोलणे, स्वतःशीच केलेली भांडणे यांचा जो आलेख हॅमसून यांनी काढला, तसा युरोपीय कादंबरीत त्यापूर्वी क्वचितच आढळतो. समाजाचे प्रश्न मांडणाऱ्या साहित्यापेक्षा मनाच्या अबोध हालचाली टिपणारे साहित्य हवे, हा त्यांचा आग्रह होता. १८९१ मध्ये त्यांनी गावोगावी व्याख्याने देऊन जुन्या पिढीच्या लेखकांवर हल्ला चढविला. राजधानीतील व्याख्यानाला खुद्द हेन्रिक इब्सेन पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांच्यासमोरच वक्त्याने त्यांच्या नाटकांचे वाभाडे काढले.

त्यानंतरच्या ‘मिस्टरीज’ (१८९२), ‘पॅन’ (१८९४) आणि ‘व्हिक्टोरिया’ (१८९८) या कादंबऱ्यांनी त्यांची कीर्ती जर्मनी आणि रशियापर्यंत पोचवली. टॉमस मान यांच्यासारख्या लेखकांनी त्यांचे ऋण मान्य केले आहे. यिद्दिश भाषेतील थोर कथाकार आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांनी तरुणपणी ‘पॅन’चे यिद्दिशमध्ये भाषांतर केले होते, विसाव्या शतकातील सारे कथासाहित्य हॅमसून यांच्यापासून निघते, असे मत त्यांनी महायुद्धानंतरही, म्हणजे सर्व काही माहीत झाल्यावरही, मांडले. सिंगर हे पोलंडमधील ज्यू कुटुंबातून आलेले होते, हे येथे विसरू नका.

पहिला विवाह मोडल्यावर १९०९ मध्ये त्यांनी मारी आंदरसन या अभिनेत्रीशी विवाह केला. त्या त्यांच्याहून बावीस वर्षांनी लहान होत्या. चार मुले झाली. १९१८ मध्ये दक्षिण किनाऱ्यावरील ग्रिमस्टाडजवळ नोरहोल्म ही मोठी शेतवाडी त्यांनी विकत घेतली. स्वतःला ते लेखकापेक्षा शेतकरी म्हणवून घेऊ लागले.

इंगरची गोष्ट

१९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मार्कन्स ग्रोडे’ या कादंबरीपाशी थोडे थांबू. शीर्षकाचा अर्थ मातीतून उगवणारे पीक असा. नोबेल पारितोषिक दिले गेले ते याच ग्रंथासाठी. ईसाक नावाचा एक दणकट, अबोल माणूस निर्जन रानात शिरतो, जमीन साफ करतो, झोपडे उभारतो. मग इंगर नावाची स्त्री तेथे येते आणि राहते. तिचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला आहे. तिला होणारे तिसरे अपत्य, एक मुलगी, तोच व्यंग घेऊन जन्मते. आपल्या वाट्याला आलेली कुचेष्टा मुलीच्या वाट्याला नको म्हणून ती तान्ह्या मुलीला मारते. तिला तुरुंगवास होतो. तेथे तिच्या ओठावर शस्त्रक्रिया होते, ती वाचायला, शिवायला शिकते आणि वेगळीच होऊन परत येते. हे सारे हॅमसून यांनी कमालीच्या करुणेने लिहिले आहे. इंगरला ते दोषमुक्त करीत नाहीत, पण एका क्षणासाठीही तिचा हात सोडत नाहीत.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. ही कादंबरी येण्याच्या केवळ दोन वर्षे आधी, १९१५ मध्ये, बालहत्या करणाऱ्या एका मोलकरणीला सौम्य शिक्षा झाल्याची बातमी वाचून हॅमसून यांनी वृत्तपत्रात लेख लिहिला आणि अशा मातापित्यांना फासावर लटकवावे, अशी मागणी केली. विषय तोच, लेखकही तोच. कादंबरी लिहिताना हॅमसून यांना माणूस दिसत असे. वृत्तपत्रात लिहिताना दिसत नसे. माझ्या मते त्यांच्या पुढील आयुष्याचे मर्म या विसंगतीत आहे. ही कादंबरीही निर्दोष नाही. उत्तरेकडील सामी या आदिवासी जमातीची माणसे तिच्यात चोरटी आणि उपद्रवी म्हणूनच येतात. ईसाकच्या श्रमाचे गौरवगान आणि परक्याविषयीचा हा तुच्छभाव एकाच पानावर नांदतात. ग्रामीण जीवनावरील मराठी कादंबऱ्या वाचताना गावकुसाबाहेरची माणसे कोठे आणि कशी येतात, हे तपासण्याची सवय तुम्हांला लागलेली आहे. तीच नजर येथेही वापरा.

पाठराखणीकडे

हॅमसून नाझींच्या बाजूला कसे गेले? या प्रश्नाला एकच उत्तर देणारे चरित्र संशयाने वाचावे. इंग्लंडविषयी त्यांच्या मनात तरुणपणापासून तीव्र द्वेष होता. छोट्या राष्ट्रांना चिरडणारी, व्यापारी वृत्तीची सत्ता म्हणून ते त्या देशाकडे पाहत. पहिल्या महायुद्धातही ते जर्मनीच्या बाजूने बोलले होते. जर्मन वाचकांनी त्यांना फार लवकर आणि भरभरून स्वीकारले होते. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग तेथून येई, मुले शिक्षणासाठी तेथे गेली होती. शहर, कारखाना, संसद, पर्यटन, शिकलेल्यांची बडबड यांचा त्यांना तिटकारा होता आणि माती व शेतकरी यांचे उदात्तीकरण करणारी नाझी भाषा त्यांना स्वतःच्याच कादंबरीचा प्रतिध्वनी वाटली असावी. शिवाय साठीनंतर त्यांना ऐकू येईनासे झाले. घरात मारी याही नाझी विचारांच्या कट्टर समर्थक होत्या.

ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु त्यांची बेरीज केली तरी माणसाची निवड शिल्लक राहतेच. इंग्लंडचा द्वेष करणारे, बहिरे असलेले, शेतीवर प्रेम करणारे अनेक नॉर्वेजियन लोक होते. ते सारे तिकडे गेले नाहीत. एक गोष्ट मात्र निश्चित सांगता येते. ही वृद्धापकाळी, युद्धाच्या गोंधळात झालेली चूक नव्हती. १९३४ मध्येच, युद्धाला पाच वर्षे असताना, त्यांनी नव्या जर्मनीला वेळ द्या अशा आशयाचे लिखाण वृत्तपत्रात केले होते.

आणि मग ओसिएत्स्की प्रकरण आले. कार्ल फॉन ओसिएत्स्की हे जर्मन पत्रकार आणि शांततावादी संपादक. जर्मनी तह मोडून गुप्तपणे हवाई दल उभारत आहे, हे त्यांच्या साप्ताहिकाने उघड केले, त्याबद्दल १९३१ मध्ये त्यांना शिक्षा झाली. हिटलर सत्तेवर आला तेव्हा मित्रांनी देश सोडण्याचा सल्ला दिला, ते राहिले. फेब्रुवारी १९३३ मध्ये संसदभवनाला आग लागल्यानंतर त्यांना अटक झाली आणि पुढे छळछावणीत टाकण्यात आले. १९३५ च्या शरद ऋतूत रेडक्रॉसच्या प्रतिनिधीने त्यांना छावणीत पाहिले. दात पडलेला, एक डोळा सुजलेला, मोडलेला पाय ओढत चालणारा, थरथरणारा माणूस त्याच्यासमोर उभा केला गेला.

याच सुमारास ओसिएत्स्की यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळावे अशी चळवळ युरोपात सुरू होती. तो निर्णय नॉर्वेमध्ये व्हायचा होता. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी हॅमसून यांचा लेख नॉर्वेजियन वृत्तपत्रांत झळकला. देश सोडण्याची संधी असताना हा मनुष्य का थांबला, हुतात्मा म्हणून मिरविण्यासाठीच ना, असा त्या लेखाचा सूर होता. जर्मनी कठीण काळात स्वतःला सावरत असताना त्याला विरोध करणारा हा कसला शांततेचा मित्र, असेही त्यांनी विचारले होते.

विद्यार्थी मित्रहो, ‘भूक’ लिहिणाऱ्या हातानेच हा लेख लिहिला. उपासमारीने माणसाचे काय होते, अपमानाने त्याचे मन कसे वाकते, हे ज्यांनी जगाला शिकवले, त्यांनी छावणीतील अर्धमेल्या कैद्याला उत्तर देण्याची कोणतीही सोय नसताना भर वृत्तपत्रात टोमणे मारले. माझ्या दृष्टीने त्यांच्या साऱ्या राजकीय लेखनात याहून लाजिरवाणे काही नाही. दहा वर्षांनंतरचा मृत्युलेखही नाही. अभ्यासकांमध्ये याविषयी मतभेद आहेत. तुमचे मत वेगळे असू शकेल.

नॉर्वेतील ३३ लेखकांनी निषेधाचे पत्रक काढले. कवी नूरडाल ग्रीग यांनी हॅमसून यांच्याविरुद्ध लेखणी उचलली. १९३५ चे राखून ठेवलेले शांतता पारितोषिक नोव्हेंबर १९३६ मध्ये ओसिएत्स्की यांना जाहीर झाले. हिटलरने संतापून जर्मन नागरिकांना यापुढे कोणतेही नोबेल पारितोषिक घेण्यास बंदी केली. ओसिएत्स्की यांना ते घेण्यासाठी ओस्लोला जाऊ दिले नाही. ४ मे १९३८ रोजी बर्लिनच्या रुग्णालयात, पहाऱ्यात, त्यांचा मृत्यू झाला. ग्रीग डिसेंबर १९४३ मध्ये बर्लिनवरील हवाई हल्ल्याचे वृत्तांकन करण्यासाठी बाँबफेकी विमानातून गेले असताना मारले गेले.

युद्धाची वर्षे

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. राजा आणि सरकार यांनी शरणागती नाकारली आणि अखेर इंग्लंडमध्ये आश्रय घेतला. विडकुन क्विसलिंग या नॉर्वेजियन नाझी पुढाऱ्याने स्वतःलाच सत्ताधीश घोषित केले. (त्याचे आडनाव इंग्रजी आणि अन्य भाषांत देशद्रोही या अर्थाचे सामान्यनाम झाले. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याची प्रक्रिया सहसा संथ असते. येथे ती काही आठवड्यांत घडली.) हॅमसून आधीपासून क्विसलिंगचे समर्थक होते. आक्रमणानंतर महिन्याभरातच त्यांनी नॉर्वेजियन सैनिकांना बंदुका टाकून घरी जाण्याचे आवाहन केले. ते आले, तेव्हा डोंगरांत माणसे लढत होती. त्यांचे वाचक त्यांची पुस्तके टपालाने परत धाडू लागले. काहींनी ती नोरहोल्मच्या कुंपणावरून आत फेकली, असे सांगतात.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. देहदंडाची शिक्षा झालेल्या किंवा तुरुंगात पडलेल्या देशबांधवांचे नातलग या वृद्ध लेखकाच्या दाराशी येत आणि हॅमसून त्यांच्यासाठी जर्मन अधिकाऱ्यांना, थेट हिटलरलाही, तारा करीत. नॉर्वेवर नेमलेला जर्मन प्रशासक योझेफ टेरबोफेन याच्या क्रूरपणाने ते व्यथित होते. परंतु क्रूरपणा टेरबोफेनचा, हिटलरचा नव्हे. त्याच्या कानावर गेले की तो हे थांबवील, अशी त्यांची श्रद्धा होती. राजा चांगला, कारभारी वाईट, ही समजूत किती जुनी आहे हे आपल्या लोककथा वाचलेल्यांना सांगायला नको.

मे १९४३ मध्ये बर्लिनला त्यांची नाझी प्रचारमंत्री योझेफ गोबेल्स याच्याशी भेट झाली. घरी परतल्यावर त्यांनी आपले नोबेल पदक गोबेल्सला भेट म्हणून पाठवून दिले. पुढच्याच महिन्यात व्हिएन्ना येथील पत्रकारांच्या मेळाव्यात त्यांचे इंग्लंडविरोधी भाषण वाचले गेले आणि तेथून २६ जून १९४३ रोजी त्यांना हिटलरच्या बेर्गहोफ या डोंगरावरील निवासस्थानी नेण्यात आले.

हिटलरला नामवंत लेखकाशी लेखनप्रक्रियेवर गप्पा मारायच्या होत्या. त्र्याऐंशी वर्षांच्या हॅमसून यांना टेरबोफेनची उचलबांगडी हवी होती. त्यांना जर्मन फारसे येत नव्हते, ऐकू जवळजवळ येत नव्हते. दुभाषा बोलणे सौम्य करीत, काही वाक्ये गाळीत होता. हे आपल्याला कळते, कारण नॉर्वेजियन जाणणारा दुसरा एक जर्मन अधिकारी तेथे बसून टिपणे घेत होता. भाषांतर हा तटस्थ व्यवहार असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी या प्रसंगाचा अभ्यास करावा. हॅमसून यांनी हिटलरला मध्येच तोडले, टेरबोफेनविषयीचा मुद्दा पुन्हा पुन्हा काढला, नॉर्वेच्या भवितव्याविषयी स्पष्ट उत्तर मागितले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. हिटलर चिडून उठला आणि निघून गेला. असे बोलणे त्याला फार थोड्या माणसांकडून ऐकावे लागले होते.

कादंबरी असती तर येथे नायकाचे डोळे उघडले असते. तसे घडले नाही. ७ मे १९४५ रोजी, जर्मनीच्या शरणागतीच्या वेळी, ‘आफ्टनपोस्टन’ या दैनिकात हॅमसून यांचा हिटलरवरील छोटा मृत्युलेख आला. त्यात त्यांनी त्याला मानवजातीचा योद्धा आणि राष्ट्रांच्या हक्कांचा प्रेषित ठरविले होते. त्यांना कोणी तो लिहायला सांगितला नव्हता आणि त्यातून मिळण्यासारखेही काही उरले नव्हते. मुलाने कारण विचारले, तेव्हा पडलेल्या थोर माणसाला केलेला हा मुजरा आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. नॉर्वेतून ज्यूंना पकडून १९४२ मध्येच आउशवित्सला पाठविण्यात आले होते.

खटला आणि अखेर

मे १९४५ च्या अखेरीस हॅमसून आणि मारी यांना नजरकैदेत ठेवण्यात आले. टेरबोफेनने आत्महत्या केली होती. क्विसलिंगला ऑक्टोबरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. राष्ट्राच्या सर्वांत मोठ्या जिवंत लेखकाचे काय करायचे, हा नव्या सरकारपुढे पेच होता. रुग्णालय, वृद्धाश्रम असे करीत त्यांना ओस्लोतील मनोरुग्णालयात हलविण्यात आले. तेथे सुमारे चार महिने तपासणी चालली. मानसोपचारतज्ज्ञांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये अहवाल दिला : हॅमसून वेडे नाहीत, परंतु त्यांची मानसिक शक्ती कायमची क्षीण झाली आहे. या आधारावर फौजदारी खटला सोडून देण्यात आला. तपासणीच्या ओघात डॉक्टरांनी मारी यांच्याकडून वैवाहिक जीवनाचा खासगी तपशील मिळवला होता. ते कळल्यावर हॅमसून यांनी पत्नीशी संबंध तोडले आणि चार वर्षे तिचे तोंड पाहिले नाही. मारी यांना स्वतंत्र खटल्यात तुरुंगवास झाला.

सरकारने मग नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला. १६ डिसेंबर १९४७ रोजी ग्रिमस्टाडच्या न्यायालयात अठ्ठ्याऐंशी वर्षांचे हॅमसून उभे राहिले. वृद्धत्वाची सबब त्यांनी पुढे केली नाही, मन क्षीण झाल्याचे मान्य केले नाही. आपण एकटे होतो, बहिरे होतो, काय चालले आहे हे आपल्याला कोणी सांगितले नाही, देशाचे भले व्हावे म्हणूनच लिहिले, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. खेद त्यात नव्हता. ते क्विसलिंगच्या पक्षाचे रीतसर सदस्य होते काय, यावर न्यायालयात एकमत झाले नाही. बहुमताने ते सदस्य ठरले आणि ४,२५,००० क्रोनरची भरपाई लादली गेली. सर्वोच्च न्यायालयाने जून १९४८ मध्ये ती ३,२५,००० क्रोनरवर आणली. ते जवळजवळ निर्धन झाले.

याच काळात ते गुपचूप लिहीत होते. १९४९ मध्ये त्यांचे शेवटचे पुस्तक आले. त्याचे शीर्षक गवताने झाकलेल्या पायवाटा असे सांगता येईल. अटकेपासून निकालाच्या दिवसापर्यंतच्या या नोंदी आहेत. रोजचा फेरफटका, जुन्या आठवणी, झाडे, भेटलेला एखादा भटका, झिजलेले बूट. नव्वदीला टेकलेल्या माणसाचे हे गद्य इतके ताजे, खट्याळ आणि नेमके आहे, की डॉक्टरांच्या अहवालाचे काय करावे हा प्रश्न नॉर्वेजियन वाचकांपुढे उभा राहिला. मन शाबूत होते असे मानले, तर मृत्युलेखाची जबाबदारीही पूर्ण त्यांचीच ठरते. दोन्ही गोष्टी एकदम सोयीच्या होऊ शकत नाहीत.

एका संपर्कसत्रात रेल्वेत नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याने मला विचारले होते, की मग आम्ही हे पुस्तक विकत घ्यावे की नाही. मी त्या दिवशी काहीतरी पांडित्यपूर्ण बोललो. घरी आल्यावर लक्षात आले, की त्याचा प्रश्न साधा होता. आज त्याला सांगेन : ग्रंथालयातून आणून आधी वाच.

१९५० मध्ये मारी नोरहोल्मला परतल्या. १९ फेब्रुवारी १९५२ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, हॅमसून यांचे तेथेच निधन झाले. २००९ मध्ये त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे झाली, तेव्हा हामारॉय येथे स्टीव्हन हॉल या वास्तुविशारदाने उभारलेले हॅमसून केंद्र सुरू झाले. काळ्या लाकडाचा, किंचित कललेला तो मनोरा आहे आणि त्याच्या माथ्यावर गवतासारख्या उंच बांबूच्या काड्या आहेत. एका नाझीसमर्थकाचा सरकारी खर्चाने उत्सव करावा काय, यावर नॉर्वेतील वृत्तपत्रांत त्या वर्षी कडाक्याचे वाद झाले.

पुढील संपर्कसत्रापूर्वी ‘भूक’चा पहिला भाग वाचून या. सुरुवातीला सांगितलेल्या पेन्सिलीच्या खुणा ज्यांनी केल्या असतील, त्यांनी ही पुस्तिकाही सोबत आणावी.